कोतात्सूखालचा कौल

“पाय काढ तिथून. ते ग्योतोकु आहे.”

“मग ठेवू कुठे? त्सुकुबाला लागला तर अंबरीष ओरडतो.”

“ठेवूच नकोस. मांडी घाल.”

“अण्णा, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तुम्हीच आला होतात हॉस्पिटलात, संत्री घेऊन.”

“मग उभा राहा. कोणी धरून ठेवलंय?”

बाबा उभा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, बँकेत लोक त्याला प्रसन्न-सान म्हणून वाकतात, आणि इथे वडिलांनी सांगितलं म्हणून भिंतीला टेकून उभा. मला हसू आलं. त्याने पाहिलं. मग आमचं नेहमीचं झालं. त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं, मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. सप्टेंबरपासून आम्ही दोघं एवढंच बोलतो.

पाय ठेवण्यावरून हे भांडण कशाला ते सांगतो, नाहीतर वाटेल आम्ही वेडे आहोत. आहोतच, पण कारण होतं.

आजोबांच्या खोलीत कोतात्सू आहे. जपानी बुटकं टेबल, खाली हीटर, वरून चारी बाजूंनी रजई. लोक हिवाळाभर त्यात पाय खुपसून बसतात, जेवतात, तिथेच आडवे होतात. आमच्यापैकी कोणाचा पाय या हिवाळ्यात आत गेलेला नाही, कारण आत दोन कुंड्या आहेत. एकीवर आजोबांनी मार्करने ग्योतोकु लिहिलंय, म्हणजे आमचं घर, इथून सायकलवर पाच मिनिटं. दुसरीवर त्सुकुबा, म्हणजे अंबरीषकाकाचं. प्रत्येकीत मॅकॅडेमियाचं, म्हणजे गोटीएवढ्या टणक कवचाच्या परदेशी सुक्यामेव्याचं, एक बी, कवचासकट. बिया उबेत, आणि आम्ही सगळे रजईच्या बाहेर, अंगावर जॅकेटं चढवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे.

ही दान्ची, म्हणजे ही जुनी सरकारी वसाहत, पाडणार आहेत. बाकीचे भाडेकरू कधीच गेले. अख्ख्या जिन्यात फक्त आजोबा आणि मी. मी इथे राहतो कारण शाळा सोडली तेव्हा बाबा म्हणाला, या घरात राहायचं तर शाळेत जायचं. मी बॅग उचलली. आजोबांनी दार उघडून एवढंच विचारलं, “जेवलास?” संपलं.

आता मार्चअखेर खोली सोडायचीय. आजोबांना कुठल्यातरी मुलाकडे जायला हवं, आणि कोणाकडे ते सांगायला ते तयार नाहीत. एकाचं नाव घेतलं की दुसरा जन्मभर तोंड पाडणार. ते गेल्यावर माझं काय, हे कोणी काढलंच नव्हतं. कोतात्सूबरोबर त्याची वायर जाते, तसा मी कुठेतरी जाईन असं सगळ्यांनी धरलेलं. त्सुकुबाला मला कोणी बोलावलं नव्हतं. ग्योतोकुची अट मला पाठ होती.

म्हणून आजोबांनी कौल लावला.

ते वेंगुर्ल्याकडचे. तिकडे देवीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात आणि कुठली पाकळी पडते ते बघतात. ग्योतोकुत देवी नाही. आजोबांनी उभी नोकरी जपान्यांना काजू विकण्यात घालवली, तेव्हा त्यांना पाकळीच्या जागी बी सुचलं. पण काजू नको म्हणाले. “काजू आपला माणूस. माझ्या मनात काय आहे ते ओळखून उगवेल. न्यायाधीश ओळखीचा नसावा.” मॅकॅडेमियाशी त्यांचं हाडवैर. ऑफिसातला जो तो हवाईला जाऊन यायचा आणि मॅकॅडेमिया चॉकलेटचा डबा नेमका यांच्या टेबलावर ठेवायचा. मग त्यांनी ओकिनावाच्या एका शेतकऱ्याकडून पिशवीभर कच्चे मॅकॅडेमिया मागवले, बादलीत भिजत घातले, स्वतःच्या हाताने दोन निवडले. ज्याचा आधी उगवेल, त्याच्याकडे जायचं.

डिसेंबरात लावले. मी पाणी घालायचो. मार्च आला तरी दोन्ही कुंड्यांत नुसती माती. म्हणून आजचा रविवार.

“उकरून बघू,” काका म्हणाला. काका त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत भातावर काम करतो, त्यामुळे उगवणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्याचाच हक्क. “वर दिसत नाही म्हणजे खाली काही नाही असं नाही. आधी मूळ येतं. मूळ दिसलं तरी निकाल लागतो.”

“अहो, कौल उकरायचा नसतो,” हारुमीकाकू म्हणाली. “तो मिळेपर्यंत वाट पाहायची असते.”

काकू जपानी. मराठी तिला आजीने शिकवलं, म्हणून आमच्या घरात ‘असते’ आणि ‘नसतो’ पूर्ण उच्चारणारी ती एकटीच.

“हारुमी म्हणते ते बरोबर आहे,” आई म्हणाली.

मी मोबाइल खाली ठेवला. आई आणि काकू, आजी गेली त्या वर्षापासून, कुठल्याच गोष्टीवर एकमत झालेल्या नाहीत. मोदकाच्या सारणात वेलची किती यावर दोघी फोनवर रडल्या आहेत.

“मलाही वाटतं थांबावं,” बाबा भिंतीला टेकूनच म्हणाला.

“दादा, आठवड्याने बुलडोझर येतोय.”

“बुलडोझर एप्रिलमध्ये येतोय.”

“मग एप्रिलपर्यंत अण्णा काय बुलडोझरवर बसणार? बरं, दोन्ही नको. फक्त ग्योतोकु उकरू.”

“आमचंच का?”

“कारण ते मोठ्या भावाचं आहे.”

“त्यात मोठा-धाकटा कुठून आला? उकरायचंच तर त्सुकुबा उकर, तुझं आहे.”

“त्सुकुबाला हात लावू नका,” आई म्हणाली, इतक्या पटकन की तिची तीच दचकली.

“मी मरेपर्यंत थांबा,” आजोबा म्हणाले. “मग दोन्ही एकदम उगवतील.”

आता एकेकाचे चेहरे सांगतो, कारण मी समोरच होतो. काका घड्याळ बघत होता आणि ग्योतोकुच्या कुंडीकडे बघायचं टाळत होता. आईचा हात त्सुकुबाच्या बाजूच्या रजईवर, लहान मूल झोपवल्यासारखा. काकू स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. बाबाच्या कपाळावर घाम, आणि खोलीत आठ डिग्री. आजोबा एकटे मजेत. शेंगदाणे खात होते.

मला ही बुळबुळीत माणसं सहन होत नाहीत. सगळ्यांना काहीतरी हवंय, तोंडाने कोणी बोलत नाही, आणि बोलायचं काम कुंडीला दिलंय. माझं डोकं सटकलं. रजई वर केली, त्सुकुबा ओढली, टेबलावर कालचा पेपर होता त्यावर उलटी केली. मग ग्योतोकु.

“शर्व,” आई किंचाळली. “माती कुठल्याच कचऱ्यात जात नाही इथे. जळणाऱ्यात नाही, न जळणाऱ्यात नाही.” सासऱ्यांचं भविष्य टेबलावर सांडलंय आणि ही कचऱ्याचे वार मोजतेय. ती बिल्डिंगच्या कमिटीवर आहे.

त्सुकुबाच्या ढिगातून मी बी काढलं. मग दुसरं. मग तिसरं.

“एकच लावलं होतं,” मी म्हणालो. “समोर होतो मी.”

काकाने एक उचललं, पुसलं, चष्मा वर केला. “हा तर भाजलेला आहे. ही चीर बघा कवचाला. पाकिटातून येतात हे, चिरेत किल्ली घालून फोडायचे. हा जन्मात उगवला नसता.”

मग आजोबांनी शेंगदाण्याची वाटी बाजूला सारली. “मेधा, किल्ली आहे का गं?”

आईने पर्स उघडली नाही, नुसती घट्ट धरली.

तिचं काय झालं होतं ते मला आता कळतंय. ती परदेशी खाऊच्या दुकानात उभी, हातात पाकीट, आणि डोक्यात आमचं बाथरूम. आजी शेवटी आमच्याकडे होती. बाथरूममधून आजीला उचलून आणायचं काम आईनेच केलं, वर्षानुवर्षं, बँकेचे लोक जेवायला आले तेव्हा सुद्धा, आणि एकदाही कोणाला ऐकवलं नाही. तिला आजोबा नको होते असं नाही. तिला ते बाथरूम परत नको होतं. म्हणून तिने एक मॅकॅडेमिया त्सुकुबाच्या कुंडीत ढकलला, आजोबांना तिकडे पाठवायला. भाजलेला उगवत नाही, हे तिला कोण सांगणार होतं.

“वहिनी, म्हणजे तुम्ही अण्णांना आमच्या गळ्यात घालत होतात,” काका म्हणाला. आवाजात इतकं दुःख की मला शंका आली.

“आणि हा माझा,” काकू म्हणाली. तिसऱ्या बीवर हळदीकुंकू होतं. मातीत राहून पिवळं जेमतेम दिसत होतं, पण होतं. “मी सत्यनारायणाच्या दिवशी टाकला. दोन असले तर लवकर उगवेल, असं वाटलं. अण्णा आमच्याकडे यावेत, असं वाटलं.”

“तू?” काका म्हणाला.

“हो. मी.”

“मला बोलली नाहीस.”

“आपण बोलतो का, अहो?” काकूने हे अगदी साध्या आवाजात विचारलं. दुकानात पिशवी हवी का विचारतात तसं.

त्सुकुबाचं घर मी पाहिलंय. मोठं, दोन गाड्या, बाग. बागेत झारीचा आवाज येतो, बाकी कसलाच नाही. काकू तिथे दिवसभर मराठी कोणाशी बोलणार. आणि काकाला नेमकं तेच नको होतं, की त्या शांततेत अण्णा येऊन बसतील आणि जेवताना विचारतील, काय रे, तुम्ही दोघं बोलत का नाही. पण हे मी पुढचं सांगतोय. तेव्हा काका अजून आईकडे रागाने बघत होता.

“दुसरी बघ,” आजोबा मला म्हणाले.

“कशाला?” काका म्हणाला. “आता कौलाला काय अर्थ राहिला? फसवाफसवी झाली. रद्द.”

“दहा मिनिटांपूर्वी तुलाच उकरायचं होतं,” बाबा म्हणाला.

ग्योतोकुच्या ढिगातही तीन निघाले.

एक साधा. दुसऱ्याचं कवच फुटलेलं, आत हिरवी बुरशी, आणि असा वास की आजोबांनी खिडकी उघडली. कवचावर हातोडीचा घाव स्पष्ट दिसत होता. कोणी विचारायच्या आधीच बाबा म्हणाला, “व्हिडिओत दाखवलं होतं. कवच थोडं मऊ केलं की लवकर येतो.”

“मऊ करायचं असतं, दादा. खून नाही करायचा.”

“अण्णा आमच्याकडे यायला हवे होते मला.”

“तुझ्या बायकोला नको होते.”

“ते माहीत आहे मला,” बाबा म्हणाला. आईने त्याच्याकडे बघितलं, त्याने खिडकीकडे. मग तो खिडकीलाच म्हणाला, “अण्णा आले असते, तर हाही आला असता.”

हा म्हणजे मी. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. सहा महिने ग्योतोकु स्टेशनच्या सायकल स्टँडवर मी दिसलो की हा माणूस कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, शिरतो. एकदा माझ्याच कोम्बिनीत शिरला, मी काउंटरवर उभा, माझ्या बाइतोची, पार्टटाइम कामाची, ड्युटी, तर याने माझ्याकडून भाताची ओनिगिरी घेतली, अरिगातो म्हणाला आणि गेला. आणि घरी येऊन रात्री हातोडीने मॅकॅडेमिया फोडत होता.

“फोन करायचा ना मग,” मी म्हणालो. “बी कसलं फोडतोस? फोन आहे ना तुझ्याकडे?”

“तू उचलला असतास?”

“नसता. पण केलास का?”

“शर्व, तिसरा,” आजोबा म्हणाले.

तिसरा मी अजून हातात घेतला नव्हता. तो जिवंत होता. कवच मधोमध तडकलेलं, त्यातून जाड पांढरं मूळ बाहेर येऊन खाली वळलेलं. सगळे वाकले. काकूसुद्धा. एवढं मात्र खरं की दोन मिनिटं कोणाला भांडण आठवलं नाही. आई म्हणाली, “अगं बाई.”

मग काकूने मुळाला चिकटलेला कागदाचा कपटा दोन बोटांनी सोडवला. पांढरा, बारीक जाळीचा.

“हा आमच्या फ्रिजमध्ये असतो,” ती म्हणाली. “यांच्या संस्थेतला आहे. यात हे बिया गुंडाळतात.”

काकाने टेबलावरची माती गोळा करायला घेतली. माणूस पकडला गेला की साफसफाई करतो.

“म्हणजे तू उगवून आणलास,” बाबा हळूहळू म्हणाला. “घरून उगवून आणलास आणि माझ्या कुंडीत लावलास. आम्ही तिघं थांबा थांबा म्हणतोय, आणि तू उकरा उकरा.”

“तापमान नीट नव्हतं इथे. मी फक्त मदत—”

“मला ढकललंस,” आजोबा म्हणाले.

“अण्णा, तसं नाही.”

“कसंही असो. काम चोख केलंस. मेधाने भाजलेला लावला, याने ठेचलेला लावला. उगवला तुझाच. शिकल्याचा उपयोग झाला.”

काकाचा चेहरा बघवेना. त्याला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून तो स्वयंपाकघरातून पाण्याचा वाडगा घेऊन आला. “निदान अण्णांचे मूळचे दोन तरी बघू. ते जिवंत असतील तर कौल अजून चालू आहे. बुडाला तर चांगला, तरंगला तर आत पोकळ.” त्याने दोन्ही साधे मॅकॅडेमिया पाण्यात सोडले.

दोन्ही तरंगले.

वाडग्यात गोल फिरत होते, बदकांसारखे. आम्ही बघत होतो.

“हे मेलेलेच आहेत,” काका म्हणाला. “आत वाळून खडखडीत. अण्णा, हे लावलेत तेव्हाच मेलेले होते. बादलीत भिजवलेत ना? तेव्हा तरंगले नाहीत?”

मला बादली डोळ्यांसमोर आली. तळाशी थरभर जड मॅकॅडेमिया, वर दोन, आणि आजोबा बाही वर करून, चार दशकं सुकामेव्यात घालवलेला माणूस, बरोबर ते वरचे दोन उचलतायत.

“तळाचे चांगले होते, ते आपण खाल्ले, नाही का?” मी म्हणालो. “पान्याने फोडून.”

“चवीला बरे होते,” आजोबा म्हणाले. “काजूची सर नाही.”

“अण्णा,” बाबा म्हणाला, “तुम्हाला कोणाकडेच यायचं नव्हतं?”

“तुम्ही दोघं विचारत होतात कोणाकडे. यायचंय का, हे कोणी विचारलं?” ते शांतपणे म्हणाले. “मला वाटलं, कुठलाच उगवणार नाही. मार्च संपेल. तुम्ही भांडत बसाल. मी इथेच.”

“बिल्डिंग पाडतायत.”

“ती तेवढी अडचण आहे.”

एवढ्यावर कुठलंही शहाणं कुटुंब गप्प बसलं असतं. आमचं उलटं झालं. आई रडायला लागली आणि म्हणाली, अण्णा आमच्याकडेच येतील, आजच, आत्ता, मी बाथरूममध्ये दांडा लावून घेते. काका म्हणाला, उगवलेलं बी माझं आहे, म्हणजे कौल त्सुकुबाचा. बाबा म्हणाला, कुंडी आमची, माती आमची, पाणी आमच्या मुलाने घातलं. काका म्हणाला, माती कोणाची याला महत्त्व नसतं, बियाणं कोणाचं ते बघतात. बाबा म्हणाला, वेंगुर्ल्याच्या जमिनीच्या वेळी तू बरोबर उलटं बोलला होतास. सकाळपर्यंत ज्या म्हाताऱ्याला आई आणि काका एकमेकांच्या कुंडीत ढकलत होते, त्याच्यासाठी आता तेच ओढाओढी करत होते, आणि ते मूळ मध्ये पेपरवर वाळत होतं. काकूने ते उचललं, कपात माती घेतली, त्यात नीट आडवं ठेवलं, आणि म्हणाली, “हे कोणाचंच नाही. हे मी नेते.” तिला कोणी अडवलं नाही.

मी बघितलं तर आजोबा टेबलापाशी नव्हते. दाराशी होते, एका हातात टोपी.

“कुठे?” मी विचारलं.

“स्टेशनसमोर ती बाई आहे ना, घरं दाखवते. गेल्या आठवड्यात मी गेलो होतो. म्हणाली, एकट्या म्हाताऱ्याला मालक देत नाहीत. घरात पडलात तर कळणार कोणाला.”

“मीही गेलो होतो,” मी म्हणालो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. “मला म्हणाली, अठरा वर्षांच्या एकट्या पोराला देत नाहीत.”

आजोबांनी माझ्याकडे नीट बघितलं. “मग दोघं मिळून जाऊ. तू माझ्या अंगाची हमी दे, मी तुझ्या डोक्याची.”

“माझ्या डोक्याची हमी कोणी घेणार नाही.”

“बाईला जपानीत सांगू. जपानीत बरं वाटतं.”

ते जिन्याने उतरायलाही लागले. मी सॉक्स शोधत होतो. आत आई आणि काका अजून माती, बियाणं, बाथरूम करतायत. बाबा भिंतीपासून सुटून दाराशी आलाय आणि बूट घालतोय.

“तू कुठे?” मी त्याला विचारलं.

“तिसरा माणूस लागतो, हमीदार म्हणून. तुम्हाला दोघांना ते माहीतही नसेल.”

“शाळेचं काही काढणार आहेस का तिथे?”

त्याने लेस बांधली. बराच वेळ बांधली.

“आज नाही,” म्हणाला.

खालून आजोबा हाका मारतायत, बाई सहाला शटर ओढते म्हणून. मला आता निघायला हवं.